आदेशाविना गोठलेले भाव: पेट्रोल-डिझेल, २०२१ ते २०२४

२० मार्च २०२२च्या सुमारास मुंबईत एकाच डिझेलचे दोन भाव होते. पंपावर लिटरला ९४.१४ रुपये. तेच डिझेल बस डेपोने किंवा कारखान्याने कंपनीकडून थेट टँकरने मागवलं, तर १२२.०५ रुपये. रिफायनरी तीच, प्रतही तीच आणि फरक जवळपास २८ रुपयांचा. एरवी घाऊक ग्राहकाला दोन पैसे स्वस्त मिळतं, इथे गणित उलटं झालं होतं. त्यामुळे ज्यांच्या आवारात स्वतःच्या टाक्या होत्या, तेही आपल्या गाड्या घेऊन शेजारच्या पंपावर रांगेत उभे राहू लागले.

पंपावरचा भाव वाढवू नका, असा सरकारचा कोणताही आदेश तेव्हा नव्हता. ना अधिसूचना, ना परिपत्रक. कागदोपत्री पेट्रोल-डिझेलचे भाव मुक्त होते आणि भाव कंपन्या ठरवतात, हेच अधिकृत उत्तर होतं. तरीही ४ नोव्हेंबर २०२१ ते २१ मार्च २०२२ असे १३७ दिवस तेल कंपन्यांनी भावाला हात लावला नाही. पुढे ६ एप्रिल २०२२ नंतर करकपात सोडली, तर जवळपास दोन वर्षं भाव तिथेच राहिले. या काळातला खर्च नेमका कुणाच्या खिशातून गेला, तो कसा फिरत राहिला आणि लेखी नियम नसल्यामुळे काय बिघडलं, ते या प्रकरणात तपासलं आहे.

कागदावरचा नियम

प्रशासित किंमत पद्धत, म्हणजे भाव सरकारनेच ठरवण्याची पद्धत, १ एप्रिल २००२ला औपचारिकपणे संपली. प्रत्यक्षात भाव सरकारच्या मर्जीनेच हलत राहिले. कंपन्यांच्या तोट्याला 'अंडर-रिकव्हरी' म्हणत आणि तिचा हिशोब पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्षाकडे, म्हणजे पीपीएसीकडे असे. हा तोटा भरून काढायला सरकारने तेलरोखे, म्हणजे रोख पैशाऐवजी सरकारी कर्जरोखे दिले, ओएनजीसीसारख्या उत्पादक कंपन्यांकडून सवलत घेतली. ती पद्धत महाग पडली. रोख्यांचं एक लाख ३० हजार कोटींवरचं ओझं पुढच्या सरकारांवर आलं. पण निदान तोट्याची वही उघडी होती, आकडा कुणालाही विचारता येत होता.

२६ जून २०१० पासून पेट्रोल मुक्त झालं. डिझेलला जानेवारी २०१३ पासून दरमहा साधारण ५० पैशांची वाढ देत नेलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मुक्त झालं. १६ जून २०१७ पासून रोज सकाळी ६ वाजता भाव बदलू लागला. ज्या पंपांवर ऑटोमेशन आहे, तिथे नवा दर कंपनीच्या सर्व्हरवरून थेट मशीनवर येतो, बाकी ठिकाणी डीलर स्वतः बदलतो. मुळाशी रंगराजन समितीनंतर २००६ मध्ये आलेलं 'ट्रेड पॅरिटी'चं सूत्र आहे. त्यात ८० टक्के वजन आयातीच्या भावाला आणि २० टक्के निर्यातीच्या भावाला. म्हणजे देशातल्या रिफायनरीतून निघालेल्या डिझेलचा भावही सिंगापूर आणि आखाती बाजारावरून ठरतो, कच्च्या तेलावरून थेट नाही. पुढचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे आणि बातम्यांत नेमकी हीच सुटते.

एका लिटरचा जमाखर्च

१ जून २०२२च्या दिल्लीच्या किमतीची फोड घेऊ. पेट्रोलची मूळ किंमत ५७.१३ रुपये, वाहतूक २० पैसे, केंद्राचं उत्पादन शुल्क १९.९०, डीलरचं सरासरी कमिशन ३.७८ आणि त्या सगळ्यावर दिल्लीचा १९.४० टक्के व्हॅट, म्हणजे १५.७१. बेरीज ९६.७२. डिझेलची मूळ किंमत ५७.९२, वाहतूक २२ पैसे, शुल्क १५.८०, कमिशन २.५७, व्हॅट १३.११, एकूण ८९.६२.

आता डिझेलची मूळ किंमत बाजाराशी ताडून पाहा. जूनच्या मध्यात सिंगापूरला डिझेल पिंपाला १७० डॉलरच्या घरात होतं. डॉलर ७८ रुपये, पिंपात १५९ लिटर. १७० गुणिले ७८ भागिले १५९ म्हणजे ८३ रुपये ४० पैसे. जहाजभाडं, विमा, सीमाशुल्क, डेपोचा खर्च अजून धरलेलाच नाही. आणि फोडीत मूळ किंमत ५७.९२. इथेच लिटरमागे पंचवीसेक रुपये गायब आहेत. २४ जून २०२२ला संपलेल्या आठवड्यात डिझेलवर लिटरला २७.७० आणि पेट्रोलवर १७.४० रुपये तोटा होता, असं पेट्रोलियम मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी नंतर सांगितलं. आपली अंदाजी बेरीज त्याच्याशी जुळते.

त्या महिन्यात भारत विकत घेत असलेल्या कच्च्या तेलाची सरासरी किंमत पिंपाला ११६ डॉलर होती. म्हणजे कच्चं तेल आणि तयार डिझेल यांत पन्नासहून अधिक डॉलरचं अंतर पडलं होतं. कच्चं तेल इतकं काही महाग नाही, मग तोटा कसला, असा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांनी विचारला. त्याचं उत्तर या अंतरात आहे.

घटनाक्रम

मे २०२०मध्ये, कच्चं तेल कोसळलेलं असताना, केंद्राने शुल्क पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवलं. त्यातलं काही ३ नोव्हेंबर २०२१च्या संध्याकाळी परत दिलं. पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांची कपात झाली. तिथून भाव थांबले. २४ फेब्रुवारी २०२२ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, ७ मार्चला ब्रेंट या जागतिक बाजारातल्या प्रमाण कच्च्या तेलाने १३९ डॉलरला स्पर्श केला, तरी पंपावरचा आकडा हलला नाही. पाच राज्यांच्या विधानसभांचे निकाल १० मार्चला लागले. २२ मार्चपासून भाव पुन्हा सुरू झाले. ६ एप्रिलपर्यंत चौदा वेळा, बहुतेकदा ८० पैशांनी, एकूण १० रुपये. मुंबईत पेट्रोल १२०.५१ आणि डिझेल १०४.७७ झालं. मग पुन्हा थांबले.

२०१८च्या कर्नाटक निवडणुकीतही मतदानाआधी १९ दिवस भाव असेच थांबले होते आणि मतदान झाल्यावर सुटले होते. तेव्हाही लेखी काही नव्हतं.

२१ मे २०२२ला, शनिवारी संध्याकाळी, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपयांची कपात जाहीर केली. ही कपात उत्पादन शुल्कातल्या रस्ते व पायाभूत सुविधा उपकरातून झाली. तो राज्यांशी वाटला जात नसल्यामुळे भार पूर्ण केंद्रावर आला, वर्षाला सुमारे एक लाख कोटी. राज्यांना मात्र टक्केवारीने मिळणारा व्हॅट आपोआप कमी झाला, कारण व्हॅट उत्पादन शुल्कावरही लागतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे. ८ रुपये शुल्क आणि त्यावरचा व्हॅट धरून पेट्रोल साडेनऊ रुपयांनी उतरणार, असं सांगितलं गेलं होतं. दिल्लीत ते १०५.४१वरून ९६.७२वर आलं, म्हणजे ८.६९ रुपयांनी. उरलेले ऐंशीएक पैसे कुठे गेले? एप्रिलच्या फोडीत मूळ किंमत ५६.३२ होती, जूनच्या फोडीत ५७.१३ झाली. ८१ पैसे कंपन्यांच्या ओळीत सरकले. तोटा इतका मोठा असताना यात गैर काही नाही. पण ग्राहकाला जाहीर झालेल्या कपातीचा एक तुकडा वाटेत अडकला आणि त्याबद्दल कुणीही एक ओळ लिहिली नाही, याची नोंद घ्यायलाच हवी.

महाराष्ट्राने १५ जुलैपासून व्हॅट कमी केला, पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपयांनी. मुंबईत पेट्रोल १११.३५वरून १०६.३१वर आलं. परभणीचा दर त्याहून नेहमीच वर असतो, कारण तिथला टँकर मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून तीनशेहून अधिक किलोमीटर अंतर कापून येतो.

तोटा कुणाच्या वाट्याला किती

एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीत तीन सरकारी कंपन्यांचा एकत्र तोटा १८,४८० कोटी रुपये झाला. इंडियन ऑइल १,९९३ कोटी, भारत पेट्रोलियम सुमारे ६,२९० कोटी, हिंदुस्थान पेट्रोलियम १०,१९७ कोटी. तिघींचा पंपावरचा भाव सारखाच होता, मग तोट्यात एवढी तफावत का?

कारण या कंपन्यांना दोन पाकिटं असतात. एक शुद्धीकरणाचं आणि दुसरं विक्रीचं. त्या तिमाहीत शुद्धीकरणाचं पाकीट भरून वाहत होतं. इंडियन ऑइलला पिंपामागे ३१.८१ डॉलर, भारत पेट्रोलियमला २७.५१, हिंदुस्थान पेट्रोलियमला १६.६९ डॉलर ढोबळ मार्जिन, म्हणजे कच्चं तेल आणि त्यातून निघालेला माल यांच्या किमतीतला फरक, मिळालं. एरवी सात-आठ डॉलर मिळाले तरी कंपनी खूश असते. रिफायनरीत कमावलेलं पंपावर जात होतं. हिंदुस्थान पेट्रोलियम मात्र तेव्हा वर्षाला सुमारे १४ दशलक्ष टन शुद्ध करत होती आणि ३९ दशलक्ष टन विकत होती. उरलेला माल दुसऱ्या रिफायनऱ्यांकडून बाजारभावाने घ्यावा लागत होता. बाजारभावाने घ्यायचा आणि गोठलेल्या भावाने विकायचा, अशी कोंडी असल्यावर तिचा तोटा सर्वांत मोठा होणार हे उघड होतं. म्हणून 'तेल कंपन्यांना तोटा झाला' हे वाक्य अपुरं आहे. ज्या कंपनीकडे रिफायनरी कमी आणि पंप जास्त, तिच्यावर हा बोजा सगळ्यात जास्त पडला आणि तो कसा वाटायचा, हे कुणी ठरवलेलंच नव्हतं.

ऑक्टोबर २०२२मध्ये सरकारने तिन्ही कंपन्यांना २२,००० कोटींचं एकरकमी अनुदान दिलं. ते घरगुती गॅस सिलिंडरवर जून २०२० ते जून २०२२मध्ये झालेल्या तोट्यापोटी होतं. पेट्रोल-डिझेलसाठी असं काही देता येणारच नव्हतं. भाव मुक्त आहेत म्हटल्यावर भरपाई कशाची देणार?

खासगी पंप आणि रांगा

२०२२मध्ये देशातल्या ८३ हजारांवर पंपांपैकी सुमारे ९० टक्के सरकारी कंपन्यांचे होते. उरलेल्या खासगी कंपन्यांना हा भाव परवडणारा नव्हता. त्यांच्यासमोर तीनच वाटा होत्या. लिटरमागे काही रुपये जास्त लावायचे आणि ग्राहक गमवायचा, तोटा सोसून विकायचं, किंवा विक्री आवरती घ्यायची. २००८मध्ये अशाच कोंडीत रिलायन्सने आपले चौदाशेवर पंप बंद केले होते. २०२२मध्ये विक्री आवरती घेण्याकडेच कल राहिला.

त्याचा परिणाम जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दिसला. राजस्थान, मध्य प्रदेश, कर्नाटक इथे सरकारी पंपांवरची मागणी एकदम चढली, काही ठिकाणी ५० टक्क्यांपर्यंत. कारणं एकावर एक साचली होती. पेरणीसाठी ट्रॅक्टरला डिझेल, घाऊक ग्राहकांची पंपाकडे वळलेली रांग, खासगी पंपांची घटलेली विक्री आणि बेकायदा बायोडिझेलवरची कारवाई. देशात डिझेल पुरेसं होतं. टंचाई होती ती शेवटच्या टप्प्यात. डेपोत गाड्या भरायच्या जागा तेवढ्याच, टँकर तेवढेच आणि फेऱ्या मात्र दीडपट. त्यात काही ठिकाणी डीलरची उधारी थांबली आणि आधी पैसे, मग माल असा व्यवहार सुरू झाला. ज्याच्या खात्यात शनिवारी पूर्ण टँकरचे पैसे नव्हते, त्याचा इंडेंट, म्हणजे डेपोकडची मागणी, सोमवारवर गेली आणि रविवारी पंपावर 'नो स्टॉक'ची पाटी लागली.

१७ जूनला केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयाने सार्वत्रिक सेवेचं बंधन सर्व पंपांवर लागू केलं. आधी ते दुर्गम भागातल्या पंपांपुरतं होतं. आता प्रत्येक परवानाधारकाला ठरलेल्या वेळेत पंप चालू ठेवणं, किमान साठा राखणं, मागणाऱ्याला वाजवी भावात इंधन देणं बंधनकारक झालं. वाजवी भाव म्हणजे किती, हे त्यात नव्हतं. पंप उघडा ठेवा हे लेखी सांगितलं, कोणत्या भावाने विका हे तोंडीच राहिलं.

डीलरची टाकी

पंपावर रोज टाकीत डिपरॉड सोडतात. काठीवर ओल कुठपर्यंत चढली ते पाहून सेंटिमीटर वाचायचे, कॅलिब्रेशन चार्टवरून लिटर काढायचे आणि रजिस्टरमध्ये लिहायचे. २१ मेच्या रात्रीचा हा आकडा अनेक डीलरांसाठी थेट तोट्याचा आकडा ठरला.

दिल्लीच्या भावाने हिशोब करू. त्या दिवशी डीलरची खरेदी १०५.४१ वजा कमिशन ३.८६, म्हणजे लिटरला १०१.५५. उत्पादन शुल्क माल रिफायनरीतून निघतानाच भरलेलं असतं, पुढे ते खरेदीच्या बिलातच येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला विक्रीचा भाव ९६.७२. लिटरला ४.८३ रुपयांची खोट. टाकीत १५ हजार लिटर पेट्रोल असेल तर ७२,४५० रुपये एका रात्रीत गेले. शनिवारी साठा जास्तच असतो, कारण रविवारी डेपो सहसा बंद. आधीची कपातही दिवाळीच्या तोंडावर, सुट्टीसाठी टाक्या भरलेल्या असताना आली होती. भाव वाढतात तेव्हा डीलरला साठ्यावर नफाही होतो, हे खरं. पण तो ८० पैशांनी होतो आणि कपात आठ रुपयांनी एका फटक्यात येते.

३१ मे २०२२ला चोवीस राज्यांतल्या डीलरांनी एक दिवस खरेदी बंद ठेवली. २०१७पासून न वाढलेलं कमिशन आणि हा साठ्यावरचा तोटा, अशा त्यांच्या दोन तक्रारी होत्या. कमिशन वाढायला ऑक्टोबर २०२४ उजाडलं. साठ्यावरच्या तोट्याचा उपाय तसा सोपा आहे. मध्यरात्रीचं डिप रीडिंग ऑटोमेशनमध्ये असतंच, त्यावरून शुल्काचा फरक कंपनीमार्फत डीलरच्या खात्यात वळता करता येतो.

त्याच वर्षीचं लेखी नियंत्रण

१ जुलै २०२२ला केंद्राने निर्यातीवर विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क लावलं. पेट्रोल व विमान इंधनावर लिटरला ६ रुपये, डिझेलवर १३ रुपये. देशात काढलेल्या कच्च्या तेलावर टनाला २३,२५० रुपये, म्हणजे पिंपामागे साधारण ४० डॉलर. पंपावर तोटा असताना तेच डिझेल बाहेर पाठवून मोठा नफा मिळत होता, तो अडवण्यासाठी हा कर होता. २० जुलैला पेट्रोलच्या निर्यातीवरचा कर काढला, डिझेलचा ११वर आणि कच्च्या तेलाचा १७,०००वर आणला. पुढे दर पंधरवड्याला फेरविचार होत राहिला आणि २ डिसेंबर २०२४ला कर रद्द झाला.

या कराबद्दल मतभेद आहेत, काही आक्षेप वजनदारही आहेत. पण प्रत्येक वेळी तारीख आणि आकड्यासह अधिसूचना निघत होती. उत्पादकाला पुढच्या पंधरवड्याचं गणित मांडता येत होतं, टीका करणाऱ्याला आकडा धरून बोलता येत होतं. अस्थिर बाजारात नियंत्रण लेखी ठेवता येतं, याचा पुरावा सरकारनेच त्याच वर्षात दिला.

परतीचा प्रवास

२०२३-२४मध्ये भारत विकत घेत असलेल्या कच्च्या तेलाची सरासरी किंमत पिंपाला ८२.५८ डॉलरवर उतरली. पंपावरचा भाव तसाच राहिला. आधीचा तोटा भरून निघतोय, हे कारण दिलं गेलं आणि ते तत्त्वतः योग्य आहे. चढत्या भावात ग्राहकाला वाचवलं, तर उतरत्या भावात त्याने थोडं परत द्यावं. प्रश्न आहे तो किती द्यायचं याचा. त्या वर्षी तिन्ही कंपन्यांचा एकत्र नफा सुमारे ८१,००० कोटी झाला. २०२२-२३च्या पहिल्या सहामाहीत त्यांचा एकत्र तोटा २१,२०१ कोटी होता. निव्वळ नफ्यात शुद्धीकरणाची कमाईही येते, म्हणून हे दोन आकडे थेट वजा करणं चूक ठरेल. पण पेट्रोलवरचा तोटा अमुक तारखेला फिटला, डिझेलवरचा अजून तमुक बाकी आहे, असं सांगणारी वही कुठेच नव्हती. कपात झाली ती १५ मार्च २०२४ला, २ रुपयांची. दुसऱ्या दिवशी लोकसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला.

दक्षिण आफ्रिकेत अशी वही आहे. तिथे सरकारच पेट्रोलचा भाव ठरवतं, महिन्यातून एकदा, पहिल्या बुधवारी, जाहीर सूत्राने. महिनाभरात सूत्राचा भाव आणि प्रत्यक्ष भाव यांत पडलेला फरक 'स्लेट' नावाच्या खात्यात जमा होतो. खातं ठरलेल्या मर्यादेपलीकडे तुटीत गेलं, की लिटरमागे छोटी लेव्ही, म्हणजे जादा आकार, लागते आणि तूट भरली की ती निघते. तिथला ग्राहकही महागाईला वैतागतो, पण आपण कुठलं कर्ज फेडतोय हे त्याला कळतं.

आपल्याकडे असं खातं उघडायला नवा कायदा लागणार नाही. पेट्रोलियम पदार्थ अत्यावश्यक वस्तू कायदा, १९५५च्या कक्षेत आहेतच आणि हिशोब ठेवायला पीपीएसी आहे. कोणत्या पातळीवर भाव थांबवायचे, लिटरमागे किती तूट साठू द्यायची, त्या काळात खासगी पंपांचं काय आणि डीलरच्या टाकीतल्या साठ्याचं काय, या चार गोष्टी राजपत्रात आधी छापल्या असत्या, तर जून २०२२च्या बऱ्याच रांगा टळल्या असत्या, असं आमचं ठाम मत आहे. भाव काही काळ रोखण्याला आमचा विरोध नाही. पेरणीच्या तोंडावर डिझेल एकदम पंचवीस रुपयांनी वाढणं कुणालाच परवडलं नसतं.

८ एप्रिल २०२५ला केंद्राने पेट्रोल आणि डिझेलवरचं उत्पादन शुल्क २ रुपयांनी वाढवलं. कच्चं तेल तेव्हा घसरत होतं आणि पंपावरच्या भावावर परिणाम होणार नाही, असं सांगण्यात आलं. म्हणजे लिटरच्या फोडीत शुल्काची ओळ दोन रुपयांनी चढली, कंपनीच्या मूळ किमतीची ओळ तितकीच खाली आली आणि ग्राहकाच्या पावतीवरचा आकडा जिथल्या तिथे राहिला.